शाळा सोडल्याचे कारण

शाळेच्या जनरल रजिस्टरात शेऱ्याच्या अलीकडे एक रकाना असतो. 'शाळा सोडल्याचे कारण.' तीस वर्षांच्या नोकरीत तो मी कितीदा तरी भरला. पण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, ओळीने, एका बैठकीत तो वाचण्याची वेळ आली ती शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्तानं.

आमची शाळा मिशनची. झाई-बोरीगाव पट्ट्यातली, तलासरी तालुका. चार वर्गखोल्या, पुढे व्हरांडा, व्हरांड्याच्या कोपऱ्यात टांगलेला लोखंडी रुळाचा तुकडा, तीच घंटा. महोत्सव समितीच्या पहिल्याच बैठकीत ठरलं, 'स्मरणिकेसाठी शाळेचा इतिहास बाई लिहितील.' बाई म्हणजे मी, मुख्याध्यापिका. निवृत्तीला थोडेच दिवस राहिले होते. फादरांनी मुद्दे लिहून दिले. पायाभरणी, पहिले फादर, पुढच्या सिस्टर, कौलं जाऊन स्लॅब कधी पडला, बोअरवेल कधी मारली, कोणाकोणाची देणगी. सगळं दोन दिवसांत मिळालं. लिहून काढलं तर दीड पान झालं. रात्री जेवण उरकून ते वाचायला घेतलं आणि लक्षात आलं की या दीड पानात एकही मूल नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर गोदरेजचं कपाट उघडलं. खालच्या खणात, जुन्या प्लास्टिकच्या टेबलक्लॉथमध्ये गुंडाळलेली तीन रजिस्टरं होती. पहिल्याची शिवण उसवलेली, पानांच्या कडा झिजून गोल झालेल्या. समुद्र जवळ असला की कागद कोरडा राहत नाही. बोट लावलं की ओलसर लागतो आणि शाई कडेला पसरलेली दिसते. मी जमिनीवर चटई टाकली आणि बसले.

मी वसईची. आमच्याकडे चर्चच्या दप्तराचं महत्त्व लहानपणीच कळतं. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मसभेनं प्रत्येक धर्मगुरूला लग्नांची नोंदवही ठेवायला सांगितली आणि बाप्तिस्म्याच्या नोंदींनाही नियम घालून दिला, तेव्हापासूनची ही सवय. माझ्या आजीचा बाप्तिस्मा कोणत्या दिवशी झाला, तिची धर्ममाता कोण, हे चर्चच्या वहीत सापडतं. वसईत चर्चचे महोत्सव शतकांच्या हिशेबानं होतात, त्यामुळे पन्नास वर्षं म्हणजे काहीच नाही असं सुरुवातीला मलाही वाटायचं. झाईला आल्यावर ते वाटणं गेलं. ज्या घरात त्याआधी कुणाचंच नाव कुठल्या कागदावर नव्हतं, त्या घराची पहिली लेखी नोंद या रजिस्टरात आहे. आपल्या आजोबांचं नाव शाईनं लिहिलेलं दाखवायचं तर इथल्या कितीतरी माणसांकडे ही एवढीच जागा आहे.

पहिल्या रजिस्टरातल्या पहिल्या काही पानांवर, १९६० च्या आधी जन्मलेल्या मोठ्या मुलांच्या नावांपुढे, जन्मस्थळाच्या रकान्यात 'ता. उंबरगाव, जि. ठाणे' असं लिहिलेलं दिसलं. नंतरच्या पानांवर 'ता. तलासरी, जि. ठाणे'. तिसऱ्या रजिस्टरात, २०१४ च्या ऑगस्टनंतर, 'जि. पालघर'. १९६० साली महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले तेव्हा उंबरगाव तालुक्याची बरीचशी गावं गुजरातेत गेली आणि उरलेल्या तुकड्याचा तलासरी झाला. गाव जिथल्या तिथं राहिलं, पत्ता मात्र दोनदा बदलला. झाई हे किनाऱ्यावरचं महाराष्ट्राचं शेवटचं गाव. वाळूतून उत्तरेला चालत राहिलं की दुसरं राज्य सुरू होतं, आणि ते कुठं सुरू झालं हे पायांना कळत नाही. मुलांच्या मावश्या तिकडं, मामा इकडं. बाजार उंबरगावचा. हिशेब गुजरातीत, भांडण मराठीत, झोपताना आईशी बोलणं वारलीत किंवा मांगेलीत.

माझ्या वर्गात एकदा एक मुलगी आली, तिसरीत. दोन वर्षं सीमेपलीकडच्या शाळेत काढून आलेली. तिला शुद्धलेखन घातलं तर तिनं सगळी अक्षरं नीट, वळणदार काढली, पण एकावरही रेघ नाही. 'कमळ', 'घर', 'नगर' सगळे उघड्या डोक्यानं उभे. मी लाल पेन उचलला होता. मग आठवलं, गुजरातीत शिरोरेघ नसते. पोरीचं काही चुकलं नव्हतं. तिच्या शेजारी बसून मी प्रत्येक शब्दावर पट्टीनं रेघ ओढली, दुसऱ्या ओळीपासून तिनं स्वतः ओढली. त्या दिवसापासून नवीन मूल आलं की आधी त्याची वही पाहायची आणि मग पेन उचलायचा, हे मी स्वतःला लावून घेतलं.

जन्मतारखेचा रकाना वाचताना हसू आलं नाही, पण ओळख पटल्यासारखं झालं. पानामागून पान, १ जून, १ जून, १ जून. आई सांगायची, 'आवणी चालू होती तवा झाला.' बाप सांगायचा, 'मोठा पूर आला त्याच्या आदल्या साली.' मग गुरुजी मुलाला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचे. बोटं कानाला लागली की सहा वर्षं पुरी झाली असं धरायचं आणि शाळा उघडण्याच्या आधीचा सोयीचा दिवस लिहून टाकायचा. मी आल्यावर पहिली काही वर्षं मीही तेच केलं. सगळा गाव एकाच दिवशी जन्मल्यासारखा वाटतो. पुढे उपकेंद्रात, दवाखान्यात बाळंतपणं होऊ लागली, जन्माचे दाखले येऊ लागले. तिसऱ्या रजिस्टरात तारखा वर्षभर पसरलेल्या दिसतात. आरोग्याची पुष्कळ भाषणं मी ऐकली, पण या भागात काय बदललं हे मला त्या एका रकान्यानं जितकं दाखवलं तितकं कुणी दाखवलं नव्हतं.

पालकाचा व्यवसाय. पहिल्या पानांवर बहुतेक 'मजुरी'. मजुरी कसली, ते लिहिलेलं नाही, लिहिण्याची गरजही नव्हती. दसरा-दिवाळीला गवत कापायचं, नंतर वीटभट्टी किंवा जंगलतोड, पावसाआधी परत यायचं आणि जमीनदाराच्या शेतावर राबायचं. ज्यांची नावं पालक म्हणून लिहिली आहेत त्यांतल्या वारली कुटुंबांच्या थोरल्यांनी १९४५ चं साल पाहिलेलं होतं. त्या वर्षी मे महिन्यात याच मुलखातल्या झरी गावी आदिवासींची सभा झाली आणि वेठबिगारीला आणि लग्नाच्या कर्जापायी राबायच्या लग्नगडी पद्धतीला नकार देण्यात आला. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर त्या लढ्यात होते. पुढे पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये मिळावेत म्हणून संप झाला, ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला. हे मी इथं येण्याआधी पुस्तकात वाचलं होतं. पण एका आजोबांनी नातवाला शाळेत घालताना व्यवसाय विचारल्यावर ताठ होऊन 'शेती लिव्हा, मजुरी नको' असं सांगितलं, तेव्हा ते मला समजलं. अर्धा एकरसुद्धा नव्हती त्यांच्याकडे. मी 'शेती' लिहिलं. ती नोंद अजून तशीच आहे.

नंतरच्या पानांवर 'मच्छीमारी', 'खलाशी', 'चिकूवाडीत काम', 'कंपनी' असं येतं. कंपनी म्हणजे उंबरगावच्या औद्योगिक वसाहतीतली. सकाळी सहाच्या रिक्षांतून बायका खच्चून भरून जायच्या आणि त्यांच्या पोरी धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन शाळेत यायच्या. किंवा येत नसायच्या.

आणि मग तो रकाना. 'चौथी उत्तीर्ण' हे कारण आहेच, हळूहळू वाढत गेलेलं. पण त्याच्याबरोबर, वेगवेगळ्या हस्ताक्षरांत, पन्नास वर्षं चाललेलं दुसरं एक वाक्य आहे, 'सतत गैरहजर.' कुणी गुरुजींनी ते तिरप्या अक्षरांत लिहिलंय, सिस्टरांनी गोल अक्षरांत, मी माझ्या सरळ अक्षरांत. 'स्थलांतर' क्वचित. एका जुन्या गुरुजींनी मात्र तीन-चार ठिकाणी मनापासून लिहिलं होतं, 'गुरे राखण्यास', 'धाकटी बहीण सांभाळण्यास', 'बापाबरोबर बोटीवर'. नियमात बसत नसेल, पण पूर्ण रजिस्टरात कारण म्हणावं असं त्यांनीच काय ते लिहिलंय. बाकी आम्ही सगळ्यांनी मूल दिसेनासं झालं एवढंच लिहिलं, ते का दिसेनासं झालं हे लिहिलं नाही.

हे 'का' विचारणं आपल्या भागात कुणाला सुचलं नव्हतं असं नाही. इथून हाकेच्या अंतरावर बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडक आल्या, त्यांच्याबरोबर अनुताई वाघ आल्या. पुढे त्यांचं काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मूल शाळेत येत नाही म्हणजे ते कुठं तरी आहे, तर शाळेनं तिथं जावं, एवढा साधा विचार त्यांनी केला. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. धाकट्यांना सांभाळणाऱ्या बहिणींसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक वर्ग एकाच आवारात आणले आणि त्याला विकासवाडी म्हटलं. नोकरीला लागल्यावर तिसऱ्या वर्षी आम्हा शिक्षिकांना कोसबाडला नेलं होतं. तोवर अनुताई गेल्या होत्या, पण शिंपले, बिया, खडे, बांबूच्या कांड्या यांची गणिताची साधनं फळीवर मांडून ठेवलेली होती. परत येताना गाडीत मी गप्प होते. माझ्या वर्गाच्या भिंतीवर तेव्हा सफरचंद आणि आगगाडीचे तक्ते होते, दारापासून चार पावलांवर समुद्र असताना.

दुसऱ्या दिवसापासून मी वर्गात शिंपल्यांची टोपली ठेवली. दहाचा गठ्ठा म्हणजे दहा बोंबलांची जुडी. कडेवरच्या बाळांना वर्गात यायला परवानगी दिली. एका कोपऱ्यात गोधडी घातली. तपासणीला आलेले साहेब ती गोधडी पाहून थबकले, मग काही न बोलता पुढच्या वर्गात गेले. गोधडीवरचं मूल रडायला लागलं की थोरली उठून त्याला थोपटायची आणि परत येऊन पाढा पुढे म्हणायची. एवढं मला जमलं. ज्यांच्या हाती दोर होता, होडी होती, त्या मुलग्यांचं जमलं नाही.

आता ज्याबद्दल लिहायचं मी टाळत आले ते लिहिते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. तेव्हा ऐंशी टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचे. शिजवलेली खिचडी नंतर आली. तांदूळ वाटपाच्या दिवशी शाळेत पिशव्या घेऊन आया उभ्या असायच्या. चौथीत एक मुलगा होता. उशिरा घातलेला, बारा वर्षांचा, बाकात गुडघे मावायचे नाहीत. वाचायला हळू, पण वाचायचा नेटानं, बोट ठेवून, एकेक अक्षर फोडून. गणपतीनंतर तो यायचा थांबला. चौकशी केली तर कळलं, ओखा बंदराच्या बोटीवर गेला. बोटीच्या म्होरक्यानं, तांडेलानं, घरी उचल दिली होती. बोटीवर भात-कालवण रांधायला, भांडी घासायला एक पोरगा लागतो, म्हणून.

आमच्या भागातले खलाशी पूर्वीपासून तिकडे जातात. ओखा, पोरबंदर, वेरावळ. इथल्या बंदरातल्या होड्या लहान, तिकडच्या बोटी मोठ्या, पगार बांधलेला. पाऊस सरला की जायचं आणि उन्हाळा संपताना यायचं. गावात गडीमाणसं दिसायची ती पावसातच.

मी दोन महिने वाट पाहिली. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरीचे ठिपके ओळीनं लागत गेले. पटपडताळणी तोंडावर आली होती. खोटी हजेरी मी कधी लावली नाही, आणि त्याचा मला अभिमान होता. एका शनिवारी दुपारी मी जनरल रजिस्टर काढलं, त्याच्या नावावर लाल शाईनं रेघ मारली आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'सतत गैरहजर'.

सोमवारी त्याची आई आली. डोक्यावर मासळीची टोपली तशीच, खाली उतरवलीसुद्धा नाही. 'नाव नको काढू बाय. पावसात येल तो.' मी तिला नियम सांगितला. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, 'तांदळाचं नाय म्हणत मी. तांदूळ नको देऊ. नाव राहू दे.' मी म्हणाले, आता रेघ मारून झाली, मावशी. ती थोडा वेळ उभी राहिली आणि व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून गेली. टोपलीतून पाणी ठिबकत होतं, पायरीवर ओला माग राहिला. शिपाईमामांनी तो नंतर पुसला.

पुढे २०१० साली शिक्षणहक्क कायदा लागू झाला आणि चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला शाळेबाहेर ठेवायचं नाही, बाहेर असेल तर शोधून वयाप्रमाणे वर्गात बसवायचं, असा नियम आला. तो वाचताना मला ती आई दिसत होती. तिनं कायद्याच्या कितीतरी आधी तेवढंच मागितलं होतं.

त्यानंतर काही वर्षांनी तीच बाई पुन्हा आली. केस पांढरे झालेले. बरोबर सून, सुनेच्या कडेवर तान्ही मुलगी. मुलाची बोट समुद्रात पाकिस्तानच्या पहारेकऱ्यांनी पकडली होती. सगळे खलाशी कराचीच्या मलीर तुरुंगात. डहाणू-तलासरीच्या पाड्यांत ही बातमी नवीन नसते. समुद्रावर रेघ नसते, जाळं ओढताना बोट वाहत जाते, आणि कुणाचा तरी बाप, कुणाचा तरी नवरा दोन-तीन वर्षं येत नाही. सुटका व्हायची तर आधी तो माणूस भारताचा आहे हे आपल्या सरकारकडून कळवावं लागतं, आणि त्यासाठी कागद लागतात. त्याचे होते नव्हते ते कागद बोटीवरच गेले होते. एका कार्यालयातून त्यांना सांगितलं होतं, शाळेचा दाखला आणा.

'तुझ्याकडं हाय ना त्याचं नाव?' आईनं विचारलं.

मी रजिस्टर काढलं. लाल रेघेखाली नाव स्वच्छ वाचता येत होतं. वडिलांचं नाव, जात, जन्मस्थळ झाई, १ जून. मी दाखला लिहायला घेतला. दाखल्यावरसुद्धा कारणाची ओळ असते आणि रजिस्टरात जे आहे तेच तिथं लिहावं लागतं. मी तेच लिहिलं. सही केली, शिक्का मारला. शिक्का पुसट उठला म्हणून दुसऱ्यांदा मारला. ती बाई कागद पदराच्या गाठीत बांधू लागल्यावर मी प्लास्टिकची पिशवी शोधून दिली. तिनं मला एका शब्दानंही आठवण करून दिली नाही.

तो सुटला. अटारी-वाघा सीमेवरून बरेच खलाशी एकदम आले, त्यात तो होता. गावात आल्यावर मला भेटायला आला नाही, आणि यावं अशी अपेक्षाही नव्हती.

हे सगळं डोक्यात घेऊन मी समितीच्या दुसऱ्या बैठकीला गेले. विषय होता तारीख. डिसेंबरातला दुसरा रविवार धरून सगळ्यांनी जवळजवळ ठरवलंच होतं. हवा छान असते, नाताळ जवळ, मुंबई-वसईचे पाहुणे लोकलनं येऊ शकतात. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल झाली आहे, तिथून पुढे गाडी पाठवू. मी म्हटलं, डिसेंबरात आपले माजी विद्यार्थी कुठं असतात? थोडी शांतता झाली. अर्धे समुद्रावर, अर्धे वीटभट्टीवर. मग फादर म्हणाले, '३१ जुलैला घ्या, संत इग्नेशियसचा सण.' तलासरीच्या ज्ञानमाता सदनामुळे येशूसंघी फादरांशी या भागाचं जुनं नातं, त्यामुळे त्यांच्या संस्थापकाच्या सणाचा दिवस सगळ्यांना पटला. पण पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा मासेमारीची बंदी १ जूनला सुरू व्हायची आणि ३१ जुलैला संपायची. जाळी-दोर सारखे करायला खलाशी त्याआधीच निघायचे. आणि जुलैच्या सुरुवातीला भाताची आवणी, तेव्हा चिखलातून कुणी वर येणार नाही. मधले एवढेच आठ-दहा दिवस उरतात, आवणी उरकलेली आणि बोटी अजून न निघालेल्या.

'भर पावसात सुवर्णमहोत्सव?' एका सभासदांनी विचारलं. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मांडव, पाहुणे, लाऊडस्पीकर, सगळ्याची पंचाईत. मी रजिस्टर बरोबर नेलं होतं. ते फादरांपुढे ठेवलं आणि फक्त तो रकाना वाचायला सांगितलं. त्यांनी आठ-दहा पानं उलटली. मग चष्मा काढून म्हणाले, 'पावसातच करू.'

आमंत्रणं छापली, पण पाड्यावर छापील कागदाचं कौतुक कुणाला नसतं. आम्ही शिक्षक चार रविवार फिरलो. 'चौथी पास' झालेल्यांना बोलवायला काही लागलं नाही. ज्यांची नावं लाल रेघेखाली होती ते म्हणायचे, 'आमी कुठं शिकलो बाय, आमाला कशाला?' एका माणसानं तर हात जोडले, त्याला वाटलं काही वर्गणी बाकी असावी. एक बाई दुसरीतून गेलेली, आता तिची नात आमच्याकडे दुसरीत. ती म्हणाली, 'मला अजून बाकावर बसायचं हाय.' तिला म्हटलं, मग ये.

महोत्सवाच्या रविवारी पहाटेपासून धो धो. मिस्सा वर्गातच झाली, दोन खोल्यांमधलं लाकडी पार्टिशन काढून. आमच्या शाळेत ख्रिस्ती मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, बाकी घरांतून हिरवा, हिमाय, वाघदेव, मांगेल्यांच्या घरी आणखी निराळे देव. पण मिस्सेला सगळे बसले, ओल्या कपड्यांनी, पाय दुमडून, आणि प्रार्थनेच्या वेळी ज्यानं त्यानं आपल्या रीतीनं हात जोडले. मग पाऊस थोडा ओसरला तसा तारपा वाजायला लागला. मैदानात चिखल होता, त्या चिखलातच फेर धरला गेला. पाहुण्यांतले काही जण बूट काढून आत शिरले. व्हरांड्यात एका बाजूला भात, उडदाची आमटी आणि सुक्या बोंबलांचं कालवण शिजत होतं. वाफ पावसात मिसळून सगळ्या शाळेला तो वास लागला होता, आठवडाभर गेला नाही.

भाषणं थोडकी झाली. माझी पाळी आली तेव्हा मी इतिहासाचं दीड पान बाजूला ठेवलं आणि त्या जुन्या गुरुजींच्या नोंदी वाचून दाखवल्या, नावं न घेता. 'गुरे राखण्यास.' 'धाकटी बहीण सांभाळण्यास.' 'बापाबरोबर बोटीवर.' मागून एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, 'ती मी!' लोक वळून पाहू लागले. तिची धाकटी बहीण तिच्या शेजारीच बसली होती, तीही म्हातारी. दोघी एकमेकींच्या हातावर हात मारून इतक्या हसल्या की मला पुढचं वाचता आलं नाही.

मी गर्दीत तो येतोय का पाहत होते. आला नाही.

सोमवारी सकाळी शाळा नेहमीसारखी भरली. मैदानात पताकांचे ओले कागद पडले होते, मुलं ते गोळा करत होती. दुसऱ्या तासाला तो व्हरांड्यात उभा दिसला. छत्री नाही, डोक्यावर खताची मोकळी गोणी खोपटीसारखी घेतलेली. बोटाला धरलेली मुलगी, सहा वर्षांची. तान्ही होती तेव्हा पाहिलेली.

'काल आवणी राहिली होती एका तुकड्याची,' तो म्हणाला. 'हिला घालायची हाय. परवा मी निघणार.'

मी चालू रजिस्टर काढलं. मुलीचा जन्मदाखला त्यानं घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत आणला होता. कदाचित तीच पिशवी असेल, मी विचारलं नाही. तारीख १४ नोव्हेंबर. आईचं नाव, वडिलांचं नाव, जन्मस्थळ, जिल्हा पालघर. लिहिताना तो टेबलाच्या कडेवर दोन्ही हात ठेवून वाकून पाहत होता.

'माझं कुठलं?' त्यानं विचारलं. 'मला दाखव ना बाय.'

दुसरं रजिस्टर अजून टेबलावरच होतं. मी पान काढून त्याच्याकडे फिरवलं. त्यानं ओल्या हाताचं बोट शर्टाला पुसलं आणि नावावर ठेवलं. मग लाल रेघेवरून बोट सरकवत कारणाच्या रकान्यापर्यंत गेला आणि तसंच, चौथीत वाचायचा तसंच, एकेक अक्षर फोडून वाचलं. स-त-त. गै-र-ह-ज-र. मी खाली पाहत होते.

'बाय, मी येणार होतो पावसात,' तो म्हणाला. 'आलो पण होतो. दारापर्यंत.'

मला बोलता येईना. मुलगी टाचा उंचावून रजिस्टरात डोकावत होती, तिची हनुवटी टेबलाला लागली होती. त्यानं जुनं रजिस्टर हलकेच मिटलं, बाजूला सारलं आणि नवं माझ्यापुढे ओढून दिलं.

'हिचं लिव्ह आता,' तो म्हणाला. 'राहिलंय अजून.'